टोपीवाली बाई आणि सिदू मेटकरी

माणदेशात खडकमाळ नावाचं एक गाव आहे. शहाणी माणसं तिथं ढिगानं सापडतील, पण भोळा माणूस एकच होता, सिदू मेटकरी. एकच होता, पण गावाला पुरून उरायचा.

एकदा त्याची बायको भामा माहेरी निघाली आणि म्हणाली, दाराकडं लक्ष ठेवा. सिदू चार दिवस दाराकडं बघत बसला. खिडकीतनं शेळी आत आली, पिठाचा डबा सांडला, पोटभर खाल्लं आणि खिडकीतनंच गेली. दाराला मात्र काही झालं नाही. भामा परत आल्यावर सिदूनं तिला दार दाखवलं.

असा हा सिदू. त्याला टीव्हीवरच्या एका मालिकेचा नाद लागला. मालिका ऑस्ट्रेलियातली, मराठी आवाज देऊन दाखवायचे, रोज संध्याकाळी सात वाजता. सिदूनं ती लावली मेंढरांसाठी. आपल्यासारखाच उजाड माळ, आपल्यासारखाच फुफाटा, आणि नजर जाईल तिथवर मेंढरं. सिदूकडं स्वतःची चाळीस होती. पहिल्याच दिवशी त्यानं भामाला हाक मारून एका मेंढ्याचं नाक दाखवलं. त्या मेंढ्याच्या पायाशी एक माणूस मरून पडला होता. तो सिदूला बऱ्याच वेळानं दिसला.

त्या मुलखात माणसं मुळातच थोडी, आणि त्यातलाही दर भागात एक मरायचा. मग पांढऱ्या जीपमधनं एक टोपीवाली पोलीस बाई यायची. कमरेवर हात ठेवून माळ बघायची आणि नियम सांगायची. तिथले धनगर तिला म्हणायचे, ‘बाईसाहेब, कुंपणापाशी एक मृतदेह आढळला आहे.’ सिदूला त्यांचं भारी कौतुक वाटायचं. एवढी मेंढरं राखून माणूस इतकं शुद्ध कसं बोलतो, हे त्याला कोडंच होतं.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याच आठवड्यात रविवारी सिदूच्या लेकीला, उज्ज्वलाला, बघायला पाहुणे यायचे होते.

आता ह्या बघण्यात एक भानगड होती. उज्ज्वला आटपाडीला दवाखान्यात कामाला. मुलगा दिगंबर गळवे, वीज मंडळात लाइनमन. दोघांचं दोन वर्षांपासून जमलेलं. पण दिगंबरचे वडील पांडुतात्या म्हणजे कडक माणूस. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि तोंडात दुसऱ्यांचे दोष. त्यांच्या पुतण्यानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तर तात्या तीन वर्षं त्याच्या उंबऱ्याला गेले नव्हते. म्हणून भामाच्या भावानं, लक्ष्मणमामानं, शक्कल काढली. स्थळ आपण सुचवल्यासारखं करायचं, पोरांनी एकमेकांना कधी बघितलंच नाही असं वागायचं, आणि सुपारी फोडून मोकळं व्हायचं. एकदा सुपारी फुटली की तात्या शब्द मोडणारे नव्हते.

घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. सिदूलाही होतं. भामानं त्याला बजावलं होतं की ह्या दोघांचं कुणाला सांगायचं नाही. सिदूनं मान डोलावली होती, आणि त्याचीच भामाला धास्ती होती. उज्ज्वलाला तर त्या आठवड्यात जेवण जाईना. आईला म्हणाली, आबांना रविवारी मामाच्या गावाला पाठवून द्या. पण बापाशिवाय मुलगी दाखवायची कशी?

सोमवारी संध्याकाळी टोपीवाल्या बाईनं नियम सांगितला. काही विपरीत दिसलं, तर कशालाही हात लावायचा नाही. आहे तसं राहू द्यायचं आणि नीट बघायचं.

मंगळवारी सकाळी भामा पाण्याला गेली. चुलीवर दूध होतं. ती येते तो काय, दूध उतू जाऊन चूल विझलेली, राखेचा चिखल झालेला, पातेल्यात मांजराचं तोंड, आणि सिदू शेजारी उकिडवा बसून नीट बघतोय. भामानं विचारलं, हे काय? सिदूनं सांगितलं की आधी दूध वर आलं, मग सांडलं, मग मांजर पूर्वेकडनं आलं. त्यानं सगळं बघून ठेवलं होतं.

भामा म्हणाली, “अवो, तो नियम मेलेल्या माणसाला. दुधाला न्हाई.”

“बरं. दुधाला न्हाई,” सिदू म्हणाला. त्यानं ते मनात पक्कं बसवलं.

त्या संध्याकाळी बाईनं पडलेल्या माणसाभोवती खडूनं रेघ ओढली. माणूस जसा पडला असेल तशीच्या तशी, हातापायासकट.

बुधवारी सिदू मेंढरं घेऊन निघाला तर बिरोबाच्या देवळापुढं गणपा पडलेला. गणपा हा गावचा दारुडा, तो तिथं रोजच पडायचा. पण सिदूला तो आज पहिल्यांदा नियमात बसलेला दिसला. हा काही दूध नव्हे. सिदूकडं खडू नव्हता. कनवटीला भंडाऱ्याची पुरचुंडी होती, धनगराकडं ती असायचीच. त्यानं गणपाभोवती पिवळ्याधमक भंडाऱ्याची रेघ ओढली, बोट न् बोट काढलं, आणि नियमाप्रमाणं कशालाही हात न लावता मेंढरं घेऊन निघून गेला.

थोड्या वेळानं म्हाताऱ्या बायका दर्शनाला आल्या. बघतात तर देवाच्या दारात भंडाऱ्याचा पुरुष उमटलाय आणि त्यात गणपा निजलाय. एकीनं हात जोडले. दुसरीनं नारळ ठेवला. तिसरीनं डोक्याशी उदबत्ती लावली. ढोलवाल्यांना निरोप गेला. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला गणपा जागा झाला, समोर नारळ, उदबत्ती, पाया पडणाऱ्या बायका आणि चोहोबाजूनं पिवळी रेघ. आपण मेलो असं समजून तो तसाच पडून राहिला. दुपारी भूक लागली तेव्हा उठला आणि माळावरनं पळत सुटला. बायकाही त्याच्यामागं पळाल्या, कारण देव कुठं चाललाय हे त्यांना बघायचं होतं.

भामाला हे पाणवठ्यावर कळलं. तिनं कपाळ धरलं. म्हणाली, रेघ ओढायच्या आधी माणूस जिवंत हाय का मेलाय, एवढं तरी इचारायचं.

“बरं. आधी इचारायचं.”

गुरुवारी आण्णा मास्तर तापानं पडल्याचं कळलं. मास्तरांनी सिदूला शाळेत शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. सिदू त्यांना भेटायला गेला. मास्तर पंच्याऐंशी वर्षांचे, कानानं बहिरे. सिदूनं उंबऱ्यातनंच मोठ्यांदा विचारलं, “मास्तर, जिवंत हाय का मेला?”

मास्तरांची सून मागच्या दारी भांडी घासत होती. तिला भांड्यांच्या आवाजात शेवटचंच ऐकू आलं. तिनं तिथंच हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. कुणीतरी विट्याला मास्तरांच्या मुलीला फोन लावला, ती रडत एसटीत बसली. कुणीतरी लाकडं सांगून आलं. मास्तर आत मेतकूट-भात खात होते. एवढी गर्दी बघून ते बाहेर आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. दोन बायकांना चक्कर आली.

संध्याकाळी भामा सिदूपुढं बसली. राग गिळून, एकेक शब्द तोडून बोलली. “माणूस मेलाय का जिवंत, हे आता कुणालाबी इचारायचं न्हाई. कधीच न्हाई. समजलं?”

“समजलं. कधीच न्हाई.”

आणि हे सिदूला खरंच समजलं होतं. त्याचं वाईट एवढंच होतं की समजलेलं तो विसरायचा नाही.

त्याच संध्याकाळी बाईनं पुराव्याचा नियम सांगितला. जे सापडेल ते वेगवेगळ्या पिशवीत घालायचं, पिशवीवर चिठ्ठी लावायची, कुठं सापडलं ते लिहायचं, आणि पुरावा कधी नष्ट करायचा नाही. शुक्रवारी सिदूनं घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि गाव पालथं घातलं. विड्यांची थोटकं, तुटलेल्या चपला, पुड्यांचे कागद, कंगवा, कुणाचा तरी दात. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख झालं. ग्रामसेवकानं त्याचा फोटो काढून वर पाठवला. भामाला वाटलं, चला, निदान ह्यात कुणाचं वाटोळं नाही.

म्हणून शनिवारी तिनं त्याच्याकडं एक काम दिलं. उज्ज्वलाच्या पेटीतनं एक फोटो निघाला होता. जत्रेत काढलेला. पुठ्ठ्याचं विमान, आणि विमानाच्या खिडकीत उज्ज्वला आणि दिगंबर, गालाला गाल लावून. मागं तारीख, दोन वर्षांपूर्वीची. उज्ज्वलाचा तो टाकवत नव्हता. आईनं ओढून घेतला, सिदूच्या हातात दिला आणि चुलीत घाला म्हणाली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सिदूला लेकीचं पाणी दिसलं, नियमही आठवला. त्यानं फोटो पिशवीत घातला, चिठ्ठी लावली आणि फळीवर ठेवला. लेकीसाठी म्हणा नाहीतर नियमासाठी म्हणा, पण जाळला नाही.

त्या संध्याकाळी मालिकेचा शेवट होता. बाईनं एका बड्या शेतकऱ्याला खोलीत बसवलं. आधी म्हणाली, तुम्हाला बोलायची सक्ती नाही, जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. मग तो खोटं बोलायला लागला. बाई एक शब्द बोलली नाही, नुसत्या पिशव्या काढून एकेक करून टेबलावर मांडल्या. तो गडी रडायलाच लागला. आणि अगदी शेवटी बाई मेलेल्या माणसाच्या घरी गेली, डोक्यावरची टोपी काढली, त्याच्या वस्तूंची पिशवी त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि सही घेतली. बाई गेल्यावरही सिदू बराच वेळ जाहिरातींकडं बघत बसला होता.

रविवारी सकाळी भामानं त्याला नवं धोतर नेसवलं, पटका बांधला आणि बोटं मोजून बजावलं. पाहुण्यांना हात लावायचा नाही. त्यांच्याभोवती रेघ ओढायची नाही. त्यांना काही विचारायचं नाही. आणि पोरांचं कुणाला सांगायचं नाही.

ह्या चारातली एकही गोष्ट सिदूनं मोडली नाही. हे गावात आजही सगळे मान्य करतात.

दहा वाजता जीप आली. पांढरी. सिदूला ती बघूनच बरं वाटलं. तात्या उतरले, दिगंबर उतरला, आणि दिगंबरची आई सोनाबाई उतरल्या. सोनाबाई अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. पुरुष ओसरीवर बसले, सोनाबाई आत भामापाशी गेल्या. तात्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच गणपाची चौकशी केली. तुमच्या गावात दारुड्याची पूजा करतात म्हणे. मग त्यांनी व्यसनावर बोलायला सुरुवात केली ती पोह्यांच्या बश्या रिकाम्या होईपर्यंत. आत सोनाबाई भामाला सांगत होत्या की आमच्या मालकांनी माळ घातली त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून थेंबाला शिवले नाहीत, नाहीतर मी त्यांच्या घरात राहिलेच नसते.

सिदू तेवढ्यात बाहेर जाऊन आला. पाहुण्यांना हात लावायचा नव्हता. जीपचं कुणी काही म्हटलं नव्हतं.

तो आला तेव्हा लक्ष्मणमामा याद लिहायला बसला होता. लग्नात काय द्यायचं, काय घ्यायचं, ते ह्या यादीत लिहितात. तात्यांनी खाकरून सुरुवात केली. आमच्या तशा काही अपेक्षा नाहीत, असं म्हणाले, आणि ज्यांच्या काही अपेक्षा नसतात त्यांची याद किती लांबते हे मामाला ठाऊक होतं. त्यानं दोन कागद काढून ठेवले होते.

सिदू तात्यांपुढं उभा राहिला. काही विचारायचं नव्हतं, म्हणून त्यानं नुसतं सांगितलं.

“तात्या, तुमाला बोलायची सक्ती न्हाई. जे बोलाल ते लिवून घेतलं जाईल आन् तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.”

तात्यांनी मामाकडं बघितलं. मामाच्या हातात पेन होतं आणि ते कागदावर टेकलेलं होतं. हल्ली कायदे फार झालेत, कोण कुठं तक्रार करेल सांगता येत नाही. तात्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

“मुलगी आन् नारळ,” शेवटी ते म्हणाले.

मामानं लिहिलं, मुलगी आणि नारळ. खाली रेघ मारली. भामा आतनं ऐकत होती, तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला होता.

मग उज्ज्वला चहा घेऊन आली. पाटावर बसली, मान खाली. तात्या दिगंबरला म्हणाले, काय विचारायचं ते विचारून घे. दिगंबरनं मोठ्या परक्या माणसासारखा चेहरा केला.

“आपलं नाव काय?” त्यानं विचारलं.

“उज्ज्वला.”

“यापूर्वी आपल्याला कुठं बघितल्यासारखं वाटत नाही,” दिगंबर म्हणाला. हे वाक्य त्यानं घरनं पाठ करून आणलं होतं आणि ते नसतं आणलं तर बरं झालं असतं.

सिदूला ते सहन झालं नाही. माणूस खोटं बोलला की काय करायचं हे त्यानं काल संध्याकाळीच बघितलं होतं. कुणाला सांगायचं तर नव्हतंच. तो आत गेला, फळीवरची पिशवी आणली आणि एक शब्दही न बोलता तात्यांच्या चहाच्या कपापाशी ठेवली.

पिशवीत पुठ्ठ्याचं विमान होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उज्वलाची पेटी.’

तात्यांनी पिशवी डोळ्यांजवळ नेली. उलटी करून तारीख वाचली. मामाच्या हातनं पेन पडलं. उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, संपलं सगळं, दोन वर्षं बापानं एका पिशवीत घालून दिली. दिगंबरची मान पार छातीला टेकली होती.

तात्या उठले. गळ्यातली माळ सारखी केली. म्हणाले, “लक्ष्मणराव, आमच्या घराण्यात असलं चालत न्हाई. दिग्या, चल. गाडी काढ.”

पण टोपीवाली बाई कधी एक पिशवी मांडून थांबायची नाही. असतील तेवढ्या मांडायची. सिदूनं पटक्याच्या घडीतनं दुसरी पिशवी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

तिच्यात क्वार्टरची बाटली होती. अर्धी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘जीप. तात्या बसलेलं शीट. त्येच्या खालनं.’

तात्या खाली बसले. घरातनं सोनाबाईंच्या हसण्याचा आवाज येत होता. तात्यांनी त्या दिशेला एकदा बघितलं, मग बाटलीकडं बघितलं, मग विमानाचा फोटो पुन्हा हातात घेतला.

“फोटो झ्याक आलाय,” ते म्हणाले.

त्यांनी फोटो मामापुढं धरला.

“जोडा शोभतोय. लक्ष्मणराव, सुपारी आणा.”

मामानं सुपारी आणली. तात्यांनी ती स्वतःच्या हातानं, दगडाच्या एकाच दणक्यात फोडली. इतक्या घाईनं फुटलेली सुपारी त्या पंचक्रोशीत कुणी बघितली नव्हती. उज्ज्वलाला कुंकू लागलं. ती रडत होती, पण आता बाकीचेही रडत होते, त्यामुळं ते खपून गेलं. भामा दारात येऊन नवऱ्याकडं बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर सिदूला गावानं शहाणा म्हटलं असतं. पण तात्यांना ती दुसरी पिशवी सतावत होती. सगळे पेढे वाटण्यात गुंतले तसे ते सिदूच्या कानाशी लागले आणि म्हणाले, व्याही, ती वस्तू तेवढी परत करून टाका, गाजावाजा न करता.

“त्येची काळजी नको,” सिदू म्हणाला. “नियमानं करतो.”

तो पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेला. सोनाबाई पेढा खात होत्या. सिदू त्यांच्यापुढं उभा राहिला, डोक्यावरचा पटका काढून छातीशी धरला आणि मान खाली घातली. गाजावाजा करायचा नव्हता, म्हणून तो हलक्या आवाजात बोलला.

“इहीणबाई, ह्या तुमच्या मालकांच्या वस्तू. जाणारा गेला. तुमच्या दुःखात आमी सगळे सहभागी हाय. हितं सही करा.”

भामाच्या हातनं ताट पडलं. म्हणाली, “अवो, ते भाईर बसल्यात की! जिवंत हायत!”

“ते कधीच इचारायचं न्हाई, असं तूच म्हणाली हुतीस,” सिदू म्हणाला आणि पेन पुढं केलं.

सोनाबाईंनी पिशवी उघडली. वास घेतला. चिठ्ठी सावकाश वाचली, तोंडातला पेढा संपवला, आणि सिदूनं दाखवलं तिथं अक्षर न् अक्षर नीट काढून सही केली. मग पदर खोचून त्या ओसरीकडं निघाल्या.

ओसरीवर त्यानंतर जे झालं ते बघता, खडकमाळचं एकच म्हणणं आहे. सिदूचं काही चुकलं नव्हतं. त्यानं फक्त थोडी घाई केली.